रक्ताचा कर्करोग आणि नोंदवहीबाहेरचा जिल्हा

महाराष्ट्राचा नकाशा समोर घेऊन कर्करोगाच्या नोंदवह्या जेथें ठेवल्या जातात तीं ठिकाणें त्यावर खुणावलीं, तर नगर जिल्ह्याभोंवतीं एक चमत्कारिक कडें तयार होतें. नैर्ऋत्येस पुणें, तेथें १९७३ सालापासून नोंद आहे. ईशान्येस औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपति संभाजीनगर. तेथील नोंद १९७८ ची. आग्नेयेस बार्शी, तेथें १९८७ सालीं भारतांतील पहिली ग्रामीण नोंद सुरू झाली. पुढें उस्मानाबाद, म्हणजे आतांचें धाराशिव, आणि बीड हे शेजारचे जिल्हेहि नोंदींत आले. मधला अहमदनगर जिल्हा, ज्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें, क्षेत्रफळानें राज्यांत सर्वांत मोठा आहे. २०११ च्या शिरगणतींत त्याची वस्ती ४५ लाखांवर होती. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी योजनेनें २०२० सालीं जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यांत देशांतील २८ नोंदवह्यांचे आंकडे आहेत. त्या यादींत नगरचें नांव नाहीं.

यावरून नगर जिल्ह्यांत कर्करोग होत नाहीं असें कोणी शहाणा म्हणणार नाहीं. परंतु जेथें मोजलें नाहीं तेथें रोग नाहीं, आणि जेथें कमी मोजला गेला तेथें लोकांचें रक्तच कांहीं वेगळें असावें, हा तर्क वैद्यकाच्या इतिहासांत पुनःपुन्हां केला गेला आहे. रक्ताच्या कर्करोगाविषयीं तो करणें सर्वांत सोपें. कारण हा रोग डोळ्यांनीं दिसत नाहीं.

रक्ताचा कर्करोग असें एकच नांव असलें तरी त्याखालीं अनेक रोग मोडतात. कांहींत पांढऱ्या पेशी इतक्या झपाट्यानें वाढतात कीं रोगी थोड्या आठवड्यांतच दगावतो. कांहीं वर्षानुवर्षें दबून राहतात. कांहींत अस्थिमज्जेंतील एकाच जातीच्या पेशी माजून हाडें पोखरीत जातात. यांपैकीं प्रत्येक रोग वेगळा धरला तर विरळाच. त्यांत गळवासारखी गांठ हातास लागत नाहीं कीं तोंडांतल्या चट्ट्यासारखा व्रण दिसत नाहीं. दिसतें तें फिकटपण, न हटणारा ताप, हिरड्यांतून येणारें रक्त, अंगावर उठणारे काळेनिळे डाग, आणि कधीं डाव्या कुशींत हातास लागणारी वाढलेली पानथरी. दख्खनच्या खेड्यांत यांपैकीं बहुतेकांस दुसरें, ओळखीचें नांव तयार असतें. फिकटपण म्हणजे पांडुरोग, ताप म्हणजे हिंवताप, आणि पानथरी वाढली म्हणजे जुना हिंवताप. रक्ताचा थेंब कांचेवर पसरून सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहीपर्यंत, आणि पुष्कळदां सुईनें हाडांतील मज्जा काढून तपासीपर्यंत, या रोगाचें खरें नांव कळत नाहीं. ज्याच्या गांवीं हें यंत्र व तें पाहणारा माणूस पोंचत नाहीं, तो मनुष्य तापानें मेला असेंच घरचे सांगतात. आणि त्यांचें तें म्हणणें खोटेंहि नसतें.

या रोगाचा शोधहि दरिद्री माणसांच्या देहांतूनच लागला. १८४५ सालीं एडिंबरो येथें जॉन ह्यूज बेनेट यानें एका शवाचें विच्छेदन केलें. तो मनुष्य घरांच्या छपरांवर पाटीच्या दगडाच्या फरशा बसविणारा अठ्ठावीस वर्षांचा कामकरी होता. त्याच वर्षीं बर्लिन येथें रुडॉल्फ फिर्खो यानें जिचें शव तपासलें ती पन्नाशीची एक स्वयंपाकीण होती. दोघांच्याहि पानथऱ्या अतोनात वाढलेल्या आणि रक्त पांढुरकें झालेलें. बेनेटला वाटलें, रक्तांत पू झाला आहे. फिर्खोनें तें नाकारलें व १८४७ सालीं रोगास ‘ल्युकेमिया’, म्हणजे ‘पांढरें रक्त’, असें नांव दिलें. धर्मार्थ इस्पितळांत मरणाऱ्यांचींच शवें त्या काळीं बहुधा उघडलीं जात.

याच फिर्खोची दुसरी एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. १८४८ सालीं प्रशियाच्या सरकारनें त्यास अपर सायलीशिया प्रांतांत टायफसच्या साथीची चौकशी करण्यास पाठविलें. तेथील पोलिश भाषा बोलणारी दरिद्री प्रजा साथीनें व उपासमारीनें पटापट मरत होती. सरकारला औषधांची यादी हवी होती. फिर्खोनें उपाय सुचविले ते असे : लोकांच्या भाषेंतून शिक्षण, स्वराज्याचे हक्क, सडका आणि कमी कर. लोकांच्या आळसाकडे किंवा वंशाकडे बोट न दाखवितां त्यानें राज्यकारभाराकडे बोट दाखविलें. पांढऱ्या रक्तास नांव देणारा आणि रोगाचें मूळ समाजांत शोधणारा मनुष्य एकच असावा, हा योगायोग या विषयाच्या अभ्यासकांनीं लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

भारतांत मात्र पुढची ऐंशीं-नव्वद वर्षें उलटाच समज प्रचलित राहिला. कर्करोग हा सुधारलेल्या राष्ट्रांचा रोग. साधें अन्न खाणाऱ्या, ऊन-वाऱ्यांत राबणाऱ्या हिंदी लोकांना तो क्वचितच होतो, असें युरोपांतले व येथलेहि पुष्कळ डॉक्टर मानीत. विश्व नाथ व ग्रेवाल या दोघांनीं १९३५ ते १९३९ या काळांत देशांतील इस्पितळांच्या नोंदी व शवविच्छेदनांचे वृत्तान्त तपासून या समजुतीस धक्का दिला. लोक कर्करोगाच्या वयास पोंचण्याआधींच मरत होते, आणि जे पोंचत त्यांचा रोग ओळखला जात नव्हता. रोगाची विरळता रक्तांत नव्हती. ती आयुर्मानांत आणि इस्पितळांच्या अंतरांत होती.

मुंबईस परळ येथें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलें, तेव्हां तेथील प्रयोगशाळांची सूत्रें डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आलीं. भारतांतील विकृतिशास्त्राचे जनक म्हणून ज्यांचा उल्लेख होतो आणि १९५० ते १९५४ पर्यंत जे आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचे अध्यक्ष होते, तेच हे खानोलकर. रुग्णाचा धर्म, जात, प्रांत, आहार व व्यसन हीं सर्व टिपून घेण्याची शिस्त त्यांनीं लावली. त्यांच्यापुढें एक मोठी प्रयोगशाळा आपोआप उभी होती : एकाच शहरांत, एकाच हवेंत राहणाऱ्या, पण पिढ्यान्‌पिढ्या आपसांतच सोयरीक करणाऱ्या जाती. त्यांचे सहकारी डॉ. संघवी यांच्यासह त्यांनीं १९४९ च्या सुमारास मुंबईंतील सहा अंतर्विवाही गटांतील सात आनुवंशिक लक्षणांची पाहणी प्रसिद्ध केली. गटागटांत फरक निघाले, हें खरें. पण कर्करोगाची गोष्ट पाहूं जातां खानोलकरांचें बोट वारंवार वंशाऐवजीं रूढीवरच जाऊन थांबलें. काश्मिरांत अंगाशीं धरलेल्या कांगडीनें पोटाच्या कातडीस, धोतराच्या करकोच्यानें कमरेस, तंबाखूनें तोंडास व घशास. १९५५ सालीं संघवी, राव व खानोलकर यांनीं विड्या ओढणें व तंबाखू चघळणें यांचा तोंड-घशाच्या कर्करोगाशीं असलेला संबंध आंकड्यांनीं मांडला. जातीजातींतला फरक पुष्कळसा चंचींतला व विडींतला फरक ठरला.

रक्ताच्या कर्करोगाच्या बाबतींत ही वाट तितकी दूर जात नाहीं. हिरोशिमा व नागासाकी येथें १९४५ सालीं पडलेल्या बाँबच्या किरणांनीं वांचलेल्यांत पुढें हा रोग वाढला, बेंझीनसारख्या द्रव्यानें तो होतो, हें सिद्ध आहे. परंतु बहुसंख्य रोग्यांपुरतें पाहिलें तर कारण असें बोटानें दाखवितां येत नाहीं. मग फरक दिसला कीं तो रक्ताचाच, असें म्हणण्याचा मोह होतो.

मुंबईच्या इंडियन कॅन्सर सोसायटीनें डॉ. जस्सावाला यांच्या नेतृत्वाखालीं १९६३ सालीं शहरांतील प्रत्येक कर्करोग्याची नोंद ठेवण्यास आरंभ केला. भारतांतील अशा प्रकारची ती पहिली नोंदवही. पुणें, औरंगाबाद व नागपूर येथील वह्या तिच्याच लेकी. शहरांत हें काम सोपें नसलें तरी शक्य असतें. रोगी इस्पितळांत येतो, कारकून तेथील कागद उतरून घेतो. बार्शीस ही रीत उपयोगाची नव्हती. कारण खेड्यांतला रोगी इस्पितळांत येतच नसे. तेव्हां टाटा मेमोरियलच्या डॉ. कस्तुरी जयंत व बार्शीचे डॉ. नेने यांनीं दिशा उलटी केली. बार्शी, परांडा व भूम या तीन तालुक्यांतील ३४६ खेड्यांत नोंदवहीचीं माणसेंच जाऊं लागलीं. लोक जमवावे, लक्षणें समजावून सांगावीं, संशय आला तर माणसास बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयांत आणावें, मेलेल्याची चौकशी घरीं बसून करावी, असा तो क्रम होता.

एवढें करूनहि बार्शीच्या वहींत एकंदर कर्करोगाचें प्रमाण मुंबईच्या सुमारें निम्मेंच निघालें. यांतला कांहीं भाग खरा मानावयास हरकत नाहीं. खेड्यांतील राहणी, स्त्रियांचीं लवकर होणारीं बाळंतपणें यांचा परिणाम असतोच. पण तोंडाचा व्रण किंवा गर्भाशयमुखाचा रक्तस्राव सांगून ओळखतां येतो, तसा अस्थिमज्जेंतला बिघाड ओळखतां येत नाहीं. खेड्यांत गेलेला कार्यकर्ता फिकट माणूस पाहून काय ठरविणार? फिकट माणसें प्रत्येक घरीं आहेत. म्हणून ग्रामीण नोंदींत रक्ताचे कर्करोग कमी दिसले तर त्यांत किती रोग नाहीं आणि किती सुई नाहीं, हें वेगळें काढणें कठीण आहे.

अमेरिकेंतही हा प्रश्न वंशाच्या भाषेंत दीर्घकाळ बोलला गेला. हाडें पोखरणारा जो मज्जेचा कर्करोग, ज्यास मायलोमा म्हणतात, तो तेथील कृष्णवर्णीयांत गोऱ्यांच्या सुमारें दुप्पट आढळतो. हा फरक खरा आहे, आणि त्याचा कांहीं अंश आनुवंशिक असावा असें मानतात. पण कृष्णवर्णीय रोगी त्या रोगानें लवकर मरतात तेंहि रक्तामुळेंच, असें जें गृहीत धरलें जाई, तें टिकलें नाहीं. माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत, जेथें सर्वांस सारखाच उपचार मिळतो, तेथें २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत कृष्णवर्णीय रोगी गोऱ्यांइतकेच, किंबहुना तरुण वयांत किंचित अधिकच, जगल्याचें दिसलें. रोग होण्यांत पूर्वजांचा हात असेल. मरण्यांत मात्र दवाखान्याचा हात होता.

मग वंशास कोठेंच अर्थ नाहीं काय? एका ठिकाणीं आहे, आणि तेथें तो निष्ठुर आहे. कांहीं रक्तकर्करोगांत दुसऱ्याची मज्जा रोग्याच्या अंगांत घालणें हाच शेवटचा उपाय असतो. भारतांत हें प्रथम टाटा मेमोरियल रुग्णालयांत मार्च १९८३ मध्यें झालें. नऊ वर्षांच्या एका मुलीवर डॉ. सुरेश अडवाणी यांनीं तो प्रयोग केला. स्वतः अडवाणी लहानपणीं पोलिओनें अधू झालेले, चाकांच्या खुर्चींतून रुग्णालयांत फिरणारे. मज्जा देणाऱ्याच्या व घेणाऱ्याच्या पेशींवरील खुणा जुळाव्या लागतात. सख्ख्या भावंडाशीं त्या पूर्णपणें जुळण्याचा संभव चारांत एक. घरांत जुळलें नाहीं तर परक्या दात्यांच्या याद्या धुंडाळावयाच्या, आणि या खुणा पूर्वजांप्रमाणें बदलत असल्यामुळें ज्या समाजाचे दाते यादींत अधिक त्याच्याच रोग्यास दाता सांपडतो. अमेरिकेंतील यादीचा २०१४ सालीं हिशेब काढला गेला, तेव्हां युरोपीय वंशाच्या गोऱ्या रोग्यास पूर्ण जुळणारा दाता मिळण्याचा संभव शेंकडा ७५ निघाला. कांहीं कृष्णवर्णीय गटांत तो १६ ते १९ च्या आंत राहिला. भारतांत तर जातींनीं शेंकडों वर्षें आपलीं दारें एकमेकींस बंद ठेवलीं आहेत. अकोले तालुक्यांतील महादेव कोळी किंवा ठाकर रोग्याचा दाता परक्यांत शोधावयाचा तर त्याच्याच समाजांतील माणसें यादींत हवींत. आणि यादींत नांव घालण्याची माहिती ज्यांस प्रथम पोंचते ती शहरांतील सुशिक्षित घरें.

औषधाची कथा याहून वेगळी. दीर्घ मुदतीच्या एका रक्तकर्करोगांत, ज्यास डॉक्टर संक्षेपानें सीएमएल म्हणतात, एका रंगसूत्राचा तुकडा दुसऱ्यास जोडला जातो. ही खूण १९६० सालीं फिलाडेल्फिया येथें सांपडली, आणि तिच्यावर नेमका घाव घालणारी इमॅटिनिब ही गोळी अमेरिकेंत २००१ सालीं विक्रीस आली. पूर्वी थोड्या वर्षांत मरणारा रोगी रोज गोळी घेऊन जगूं लागला. कर्करोगाच्या इतिहासांत असे प्रसंग फार नाहींत. भारतांत हा रोग पुष्कळदां पस्तिशी-चाळिशींतच होतो, म्हणजे कर्ता पुरुष किंवा लेंकुरवाळी स्त्रीच त्यांत सांपडते. मूळ कंपनीच्या औषधास महिन्यास सुमारें १,२०,००० रुपये पडत. भारतीय कंपन्या तेंच औषध आठ-दहा हजारांत देत. मूळ कंपनी पुष्कळ रोग्यांस औषध फुकटहि देई, हें सांगणें न्यायाचें आहे. पण धर्म करणाऱ्याच्या मर्जीवर आयुष्यभराचें औषध अवलंबून ठेवणें आणि तें बाजारांत परवडणें या दोन गोष्टी एक नव्हेत. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशननें पेटंटास हरकत घेतली. २००६ सालीं चेन्नईच्या पेटंट कचेरीनें अर्ज फेटाळला, आणि सात वर्षें कज्जा चालून १ एप्रिल २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानेंहि तो फेटाळला. रक्ताच्या एका विरळ कर्करोगानें जगाच्या औषधव्यापाराचा कायदा हालविला, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं.

याच सुमारास सरकारी मदतीचा नवा क्रम सुरू झाला. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना, जी पुढें महात्मा जोतिराव फुले यांच्या नांवानें चालू राहिली, ती जुलै २०१२ मध्यें आठ जिल्ह्यांत लागू झाली. नगर त्या आठांत नव्हता. शेजारचा सोलापूर होता. नोव्हेंबर २०१३ मध्यें ती राज्यभर झाली. त्या सव्वा वर्षांत करमाळ्याच्या रोग्यास जें मिळूं शकत होतें तें शेजारच्या कर्जतच्या रोग्यास त्याच शिधापत्रिकेवर मिळत नव्हतें.

पण नगर जिल्हा म्हणजे एक जिल्हा नव्हे. उत्तरेस प्रवरा-गोदावरीच्या कालव्यांवरचा उंसाचा मुलूख. लोणीस सहकारी साखर कारखाना, आणि पुढें तेथेंच मोठें ग्रामीण रुग्णालय व वैद्यकीय महाविद्यालय. पश्चिमेस अकोल्याचा डोंगराळ, आदिवासी भाग. दक्षिणेस व पूर्वेस जामखेड, पाथर्डी, शेवगांव हा पावसानें पाठ फिरविलेला टापू. यांतील जामखेडास डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें १९७० सालीं जें काम आरंभिलें, तें जगभर गाजलें व १९७९ सालीं त्यांस मॅगसेसे पारितोषिक मिळालें. गांवोगांवच्या अशिक्षित स्त्रिया, त्यांत पुष्कळशा दलित, निवडून त्यांस आरोग्याचें शिक्षण द्यावयाचें ही त्यांची रीत. सवर्ण व दलित स्त्रिया एका पंक्तीस जेवल्या, एका खोलींत निजल्या. पाण्याच्या विंधणविहिरी मुद्दाम दलितवस्तींत खोदल्या, म्हणजे सगळ्या गांवास पाण्यासाठीं तेथें यावें लागलें. १९७१ सालीं त्या भागांत हजारीं १७६ अर्भकें वर्षाच्या आंत मरत. १९९० नंतर तो आंकडा तिसाच्या खालीं आला. जातीमुळें होणारे मृत्यु जात मोडून कमी होतात, याचा असा सरळ पुरावा क्वचितच सांपडतो.

अतिसार, धनुर्वात, बाळंतपण, क्षय हे रोग जवळ असलेल्या माणसानें हटले. रक्ताचा कर्करोग अशा जवळीकीनें बरा होत नाहीं. मात्र ‘हा पांडुरोग औषधानें हटत नाहीं, याचें रक्त पाहून आणा’ हें पहिलें वाक्य बोलावयास तीच बाई लागते, आणि या रोगांत पहिल्या वाक्यास फार किंमत आहे.

मुलांच्या तीव्र रक्तकर्करोगांत तर सर्वांत अधिक. १९८० नंतरच्या दशकांत अडवाणी व अमेरिकेचे डॉ. मॅग्राथ यांनीं भारतांतील परिस्थितीस झेपेल अशी उपचाराची एक पद्धत ठरविली. पूर्वी फार थोडीं मुलें वांचत, तेथें निम्म्याच्या आसपास वांचूं लागलीं. परंतु हा उपचार दोन-अडीच वर्षें चालतो. मध्यें ताप आला तर मुलास कांहीं तासांत दवाखाना गांठावा लागतो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेंत जागा मिळाली तर बरें; नाहीं तर परळची पदपथी. मध्येंच उपचार सोडून घरीं परतणें हें मुलांच्या मृत्यूचें एक मोठें कारण आहे, हें या क्षेत्रांतील सर्वच डॉक्टर सांगतात.

जामखेड-पाथर्डीच्या ऊंसतोड कामगारांस दोन-अडीच वर्षें म्हणजे निदान दोन हंगाम. पावसाळ्यांत मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती नवरा-बायकोच्या जोडीवर, म्हणजे एका कोयत्यावर, मिळते. दसरा-दिवाळीनंतर टोळी निघते, पश्चिम महाराष्ट्रांत किंवा कर्नाटकांत कारखान्याजवळच्या रानांत कोप्या पडतात, आणि उन्हाळा लागेपर्यंत मुक्काम तेथेंच. जोडींतील एक जण मुलापाशीं राहिला तर कोयता मोडतो व उचल अंगावर राहते. रुग्णालयाच्या कागदावरची पुढची तारीख पौषांत पडली, तर त्या वेळीं तें बिऱ्हाड पाचटाच्या कोपींत, घरापासून दोन-तीनशें किलोमीटरांवर असतें.